ग्रुपवर टाकलेली बदकं

गुलबर्ग्याकडच्या आळंदच्या बसस्टँडवर मी कंट्रोलर होतो. नोकरीची सगळी वर्षं एका काचेच्या खोलीत माईकसमोर गेली. गाडी फलाटाला लागली की आधी कन्नडमध्ये पुकारायची, मग मराठीत, मग हिंदीत. आमची हिंदी गुलबर्ग्याची, तिला हिंदी म्हणावं की नाही यावर दिल्लीचा माणूस भांडेल, पण आमच्या प्रवाशांना ती पुरायची. या नोकरीत माणसांबद्दल एक गोष्ट मला पक्की कळली. माणूस फक्त आपल्या गावाचं नाव ऐकतो. उमरग्याला जाणाऱ्याला अक्कलकोटची गाडी आली काय आणि गेली काय, सारखंच. तो भुईमुगाच्या शेंगा फोडत बसलेला असतो, उमरगा म्हटलं की टरफलं झटकून पळतो. मला त्याचा राग यायचा. इथं माणूस घसा कोरडा करतोय, तर कुठल्या गाड्या कुठून येतात आणि कुठं जातात एवढं तरी सहज ऐकावं, असं मला वाटायचं. ही अपेक्षा चुकीची आहे असं बायको म्हणायची. ती बहुतेक बाबतीत बरोबर असायची, म्हणून मी तिच्याशी वाद घालत नसे, नुसता फुगून बसत असे.

रिटायर झालो आणि दुसऱ्याच वर्षी ती गेली. मुलगा पुण्याला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. तो विचारतो, बरं आहे ना, मी म्हणतो, बरं आहे, आणि मग दोघंही एकदाचे सुटल्यासारखे फोन ठेवतो. घर दोन खोल्यांचं. दुपारी एक बाई डबा आणून देतात. त्यांना 'ठेवा तिथं' म्हणायचं, संध्याकाळी रिकामा डबा देताना 'घ्या' म्हणायचं. काही काही दिवशी माझ्या तोंडून दिवसभरात एवढेच शब्द गेले आहेत. पहिले काही महिने मी भिंतीवरचं घड्याळ बघून मनातल्या मनात गाड्या पुकारायचो. सव्वानऊ, गुलबर्गा. साडेनऊ, उमरगा. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतं. असतं तरी सांगितलं नसतं म्हणा.

मग मुलानं त्याचा जुना फोन दिला आणि मला एक उद्योग मिळाला. मला राजकारण नको होतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाच्या घरावर धाड पडली, तेही नको होतं. मला अजब गोष्टींचा नाद लागला. कुठल्या देशात काय चालतं, कुठली माणसं काय खातात, कशाला भितात, मेलेल्याला कसं पोचवतात. पृथ्वीवर इतकं काही चाललंय आणि आपण आयुष्यभर चार फलाटांच्या पलीकडं बघितलं नाही, याची मला खरोखर लाज वाटली. इंग्रजीतलं सापडलं की डिक्शनरी घेऊन बसायचो. कन्नड आणि हिंदी तर वाचता येतंच. गोष्ट आधी वहीत मराठीत लिहून काढायची, खाडाखोड करायची, मग एका बोटानं फोनवर टाइप करायची. गाडी डोळ्यांनी दिसल्याशिवाय पुकारायची नाही, हा माझा नोकरीतला नियम होता. तोच इथं लावला. एक गोष्ट दोन-तीन ठिकाणी सापडली तरच पुढं पाठवायची. त्यामुळं दिवसाला एकच व्हायची, पण ती पक्की.

पाठवायची कुठं, तर बसस्टँडच्या ग्रुपवर. या ग्रुपवर जुने-नवे ड्रायव्हर, कंडक्टर, कँटीनवाला, फळवाला, रोजचे काही प्रवासी, असे शंभराच्या वर लोक होते. मी रोज दहाच्या सुमाराला माझी गोष्ट टाकायचो. त्यावर दोन-तीन अंगठे यायचे, कुणीतरी हात जोडायचं. आमच्या भागात घरात मराठी आणि शाळा कन्नड, अशी निम्मी माणसं आहेत. बोलायला तिन्ही भाषा, लिहायची वेळ आली की पंचाईत. मग कुठल्या अक्षरात लिहावं हा घोळ नको म्हणून लोक सरळ हात जोडून मोकळे होतात. वाढदिवसाला हात, बदलीला हात, देवाच्या फोटोला हात. मी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माशाबद्दल अर्धा दिवस खपून लिहावं आणि खाली दोन हात यावेत. वाचलं की नाही, देव जाणे. माझं अजून कुणी वाचायच्या आत कुणीतरी त्याच्यावर गुलाबाचं फूल आणून टाकायचं, खाली कन्नडमध्ये शुभोदय. एक गुलाब, एक उगवता सूर्य, एक वाफाळता कप, एक दत्तगुरू. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी त्या फुलांनीच माझा फोन भरला. मोबाइलच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, जुनं काहीतरी काढून टाका. जुनं म्हणजे मी जमवलेलं. ते मी कसलं काढतोय? मी त्याला विचारलं की लोकांचे फोटो आपोआप येतात ते बंद करता येतात का. येतात, म्हणाला, आणि बंद करून दिले. त्यानंतर ग्रुपवरचा प्रत्येक फोटो पुसट डागासारखा दिसायला लागला, मधे एक बाण. बाण दाबला तरच फोटो उघडणार. मी कधी दाबला नाही. पिवळं-तांबडं काही दिसलं की फुलं आहेत हे मला कळायचं आणि मी पुढं जायचो. मला फार शांत वाटलं.

तर असं हे माझं जगाशी बोलणं. पण खरं ऐकणारा एकच होता, निंबर्ग्याचा एक शेतकरी. माझी नोकरी लागल्यापासूनची ओळख. भाजीची पाटी घेऊन तो पहिल्या गाडीनं आळंदला यायचा, बाजारात ती रिकामी करायचा आणि परतीच्या गाडीला वेळ असला की माझ्या खोलीत स्टुलावर येऊन बसायचा. तुरीचे दिवस असले की उकडलेल्या शेंगा आणायचा. मी पेपरातलं काहीबाही त्याला वाचून दाखवायचो. तो मला नावानं कधी हाक मारत नसे, कंट्रोलर म्हणायचा. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायचो. मी रिटायर झालो, त्याच्याही गुडघ्यांनी बाजार सोडला, आणि आमची भेट अशी वर्षातनं एक-दोनदाच व्हायला लागली.

अण्णाची शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत. तोही ग्रुपवर होता, पण मराठी अक्षर त्याला लागत नव्हतं. म्हणून ग्रुपवर जे लिहायचो तेच मी त्याला आवाजात पाठवायचो, एकट्याला. सकाळी चहा झाला की फोन तोंडाजवळ धरायचा आणि सांगायचं. तासाभरात त्याचं उत्तर यायचं, मागं बैलाच्या गळ्यातली घंटा, मधेच कुणाला तरी हाकलणं. सगळी गोष्ट नीट ऐकलेली असायची, हे त्याच्या प्रश्नावरून कळायचं.

एकदा मी त्याला एका बेटाबद्दल सांगितलं. तिथं डोंगर आणि दऱ्या फार, त्यामुळं माणसं एकमेकांशी शिट्ट्यांनी बोलतात, या डोंगरावरून त्या डोंगरावर. साधंसुधं नाही, पूर्ण वाक्यं. अण्णाचं उत्तर आलं, "व्हय रे कंट्रोलर, आन् म्हाताऱ्यांचे दात पडल्यावर? मग ते मुके व्हायलेत का?" हे मला सुचलंच नव्हतं. मी दोन दिवस शोधलं, पण म्हाताऱ्यांच्या दातांबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या वेळी मेघालयातल्या एका गावाबद्दल सांगितलं. तिथं मूल जन्माला आलं की आई त्याच्यासाठी एक धून तयार करते. तीच त्याचं नाव. रानात हाक मारायची तर तीच धून म्हणायची. अण्णा हसतच सुटला. मग म्हणाला, "तुझ्या आईनं तुझी धून 'प्रयाणिकर गमनक्के' ठिवायला पायजे होती. दुसरं काय बोलला हाइस जन्मात?" प्रयाणिकर गमनक्के म्हणजे प्रवाशांनी लक्ष द्यावं. ते मी नोकरीत रोज शंभरदा म्हटलं असेल. हा निरोप मी त्या दिवशी चार वेळा ऐकला. घरात दुसऱ्या माणसाचं हसणं ऐकू येत होतं, म्हणून.

तो एक सोडला तर माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नव्हतं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला काय झालं होतं, कोण जाणे.

यंदा तुरी काढणीला आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. एका सकाळी त्याचं उत्तर आलं, त्यात शेवटी जाता जाता तो म्हणाला, "छातीत जरा कसंतरी व्हायलंय दोन दिस झालं. पोतं उचलल्यावर धडधडायलंय." मी ते ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणून मी सुटू शकत नाही. पण माझ्या डोक्यात छाती म्हटल्यावर काळीज आलं आणि काळीज म्हटल्यावर ऑक्टोपस आला, ज्याच्याबद्दल मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मोठ्या उत्साहानं त्याला सांगितलं की समुद्रात आठ पायांचा एक प्राणी असतो, त्याला तीन काळजं असतात आणि त्याचं रक्त निळं असतं. चांगलं चार मिनिटांचं बोललो.

त्या दिवशी उत्तराला वेळ लागला. दुपारी आलं. मागं घंटा वगैरे काही नव्हतं, घरात बसून बोलल्यासारखा आवाज होता. "ऐकलो, ऐकलो. त्याला तीन असतील बाबा. मला एकच हाय, आन् तेबी नीट चालंना झालंय. काल सांगितलो तुला. तू समद्या दुनियेचं सांगायलास. मी कसा हाव, हे एकदा तरी इचारलास का? कामून इचारला न्हाईस?"

रागावून म्हणाला नाही. विचारलं, नेहमी विचारायचा तसंच. यावर काय म्हणायचं होतं ते आज मला नीट माहीत आहे. उद्या पहिल्या गाडीनं ये, आपण गुलबर्ग्याला मोठ्या दवाखान्यात जाऊ, मी येतो सोबत. गुलबर्ग्याच्या गाड्या मला झोपेत विचारा, कधी आहेत ते सांगतो. पण मला ते लागलं. रोज अर्धा दिवस खपून मी याच्यासाठी गोष्ट शोधतो, आणि हा मलाच बोल लावतो, असं वाटलं. मी फोन तोंडाजवळ धरला आणि म्हणालो, "ऐकायचं नसलं तर राहू दे. माझं ऐकणारे शंभर लोक आहेत ग्रुपवर." आणि ठेवून दिला.

शंभर लोक! हे मी कुणाला सांगत होतो?

त्यानं माझा निरोप ऐकला, हे फोनवर दिसत होतं. उत्तर आलं नाही. मीही पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर हात आपोआप फोनकडं गेला. मी तो मागं घेतला. त्यानं आधी बोलावं, असं मी ठरवलं. का, तर दुखावलो मी होतो. छाती त्याची दुखत होती आणि दुखावलो मी होतो, असा माझा हिशोब. तिसरा दिवस तसाच गेला, चौथाही. घर इतकं गप्प होतं की डबेवाल्या बाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. मी म्हणालो, ठेवा तिथं.

या दिवसांत मी ग्रुपवर मात्र जोरात होतो. रोज जास्त लांब, जास्त नटवून लिहायचो. खरं तर ते त्याच्यावर सूड म्हणून चाललं होतं. त्याच्या फोनवर माझं रोज येणार, लांबलचक, आणि त्याला एक अक्षर वाचता येणार नाही. माझ्या वयाच्या माणसानं असं करावं, याची आता लिहितानाही लाज वाटते.

पाचव्या दिवशी, मंगळवारी, मला बदकांची गोष्ट सापडली. एका जहाजावरून एक मोठी पेटी भर समुद्रात पडली. तिच्यात लहान मुलांच्या आंघोळीची प्लास्टिकची खेळणी होती, पिवळी बदकं वगैरे. पेटी फुटली आणि बदकं सुटली. बुडाली नाहीत. लाटांबरोबर वर्षानुवर्षं तरंगत राहिली आणि कुठल्या कुठल्या देशांच्या किनाऱ्यांना लागली. समुद्राचे प्रवाह कसे वाहतात, याचा अभ्यास करणाऱ्यांनी मग त्या बदकांचाच माग काढला. मला ही गोष्ट फार आवडली. वहीत दोन पानं झाली. टाइप करायला दीड तास लागला. ग्रुप उघडला तेव्हा वर निंबर्ग्याच्याच एका ड्रायव्हरनं टाकलेला फोटो होता, पुसट, कडेनं पिवळं-तांबडं, मधे बाण. फुलं. मी त्याच्या खाली माझी बदकं सोडली आणि आंघोळीला गेलो.

परत येऊन बघतो तर काय, खाली हातच हात. दहा, पंधरा, वीस. बघता बघता चाळीसच्या वर गेले. ज्यांनी कधी अंगठा दाखवला नव्हता, अशा ड्रायव्हरांनीही हात जोडले होते. बदकांना हात का जोडावेत, असं क्षणभर मनात आलं. पण आमच्या ग्रुपवर हात कशालाही असतात, हे मी सांगितलंच आहे. शेवटी एकदाचं लोकांनी वाचलं, असं मी समजलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळा स्टँड माझ्याकडं तोंड करून ऐकतोय, असं वाटलं. मी लगेच खाली लिहिलं, "सर्वांचे मनापासून आभार. उद्या याहून भारी गोष्ट सांगतो."

त्यावर कुणी काही बोललं नाही.

ते हात बघून माझा राग उतरला, हेही खरं आहे. माणसाला मान मिळाला की तो मोठ्या मनाचा होतो. मी ठरवलं, आता आपणच निंबर्ग्याला जायचं, अण्णाला भेटायचं, छातीचं विचारायचं आणि बदकांची गोष्ट तोंडानं सांगायची. तो नक्की विचारणार की पेटीतली सगळी बदकं सापडली का. मी त्याचं उत्तरही शोधून ठेवलं. बुधवारी पाय दुखत होता, गुरुवारी गॅसवाला यायचा होता. शुक्रवारी निघालो. बाजारातून अर्धा किलो पेढे घेतले.

गाडीतला कंडक्टर माझ्या ओळखीचा, ग्रुपवरचाच. त्यानं माझ्याकडनं तिकिटाचे पैसे घेतले आणि शेजारी उभा राहिला. हळूच म्हणाला, "आज निघालाव व्हय? मातीला दिसला न्हाईत तुमी."

मी विचारलं, "कुणाच्या?"

 त्यानं माझ्या हातातल्या पेढ्यांच्या पुड्याकडं बघितलं. "अण्णाच्या की. मंगळवारी. ग्रुपवर टाकला न्हवता का फोटो? त्याच्याच खाली तर तुमी ते बदकाचं लिव्हलाव. आमाला वाटलं, दुःखानं काय सुचंना झालंय तुमाला. म्हनून कुनी काय बोललं न्हाई."

तो पुढं तिकिटं फाडायला गेला. मी फोन काढला, ग्रुप उघडला, वर वर सरकत मंगळवारपर्यंत गेलो. पुसट डाग, मधे बाण. दाबला. त्या रस्त्याला रेंज धड नसते. गोल फिरत राहिलं, थांबलं, परत फिरलं. मग फोटो उघडला. कडेनं झेंडूचा हार, मधे अण्णा, लग्नातला फेटा बांधलेला. खाली कन्नडमध्ये लिहिलं होतं की आज पहाटे हृदयविकारानं निधन, माती दुपारी बारा वाजता, निंबर्गा. कन्नड मला उत्तम वाचता येतं. गाड्यांचे बोर्ड वाचण्यात जन्म गेला माझा. त्याच्या खाली बदकं, त्यांच्या खाली ते हात. आणि सर्वांत खाली मी, सर्वांचे आभार मानत.

मी पेढ्यांचा पुडा सीटखाली ठेवला आणि तिथंच सोडून उतरलो.

अण्णाच्या घरापुढं पत्र्याचा मांडव अजून होता. वहिनी, म्हणजे त्याची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि सुनेला पाणी आणायला सांगितलं. मी त्यांच्यासमोर बसलो. त्याच बोलल्या. पहाटे उठले, पाणी मागितलं, प्याले आणि आडवे झाले, एवढंच. दवाखान्यात नेण्याइतका वेळच मिळाला नाही.

"तुमची लई वाट बगितलो," वहिनी म्हणाल्या. "बाराची माती, तास-दीड तास थांबलो. मानसं म्हनायलती, उचला आता. थोरला म्हनला, काकांनी बगितलंय, ग्रुपवर लिव्हलेत, गाडीत बसले असतील. आळंदची एक गाडी आली, तवा फाट्यावर जाऊन बगून आला."

मी मान खाली घातली. मी फोटो उघडला नव्हता, हे सांगावं असं फार वाटलं. मग वाटलं, आत्ता ते सांगून बरं कुणाला वाटणार, त्यांना की मला?

"भांडण झालतं का तुमचं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"तेबी न्हाईच म्हनले. मी इचारलं, कंट्रोलरचं बोलनं कामून ऐकू येईना झालंय, तर म्हनले, कामात असंल."

त्यांनी डोळे पुसले. मग आत जाऊन अण्णाचा फोन घेऊन आल्या. फोन रुमालात गुंडाळून ठेवला होता. त्यांनी तो माझ्यापुढं धरला. "थोरला म्हनला, काकांनी अप्पाबद्दल लई मोठं लिव्हलंय. आमच्या घरात ते अक्षर कुनाला लागंना. थोरल्याला जरा जरा येतंय, पन त्यानं दोन ओळीत सोडून दिलं, रडायलता. तुमी आलाव तर तुमच्याच तोंडानं ऐकू म्हनलं. वाचा की, भावजी. काय लिव्हलाव त्यांच्याबद्दल?"

सून पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी राहिली. आतून थोरला मुलगा आला आणि खांबाजवळ बसला. शेजारची एक म्हातारी होती, तिनं कानावरचा पदर मागं सारला. सगळे माझ्याकडं बघत होते, एकही माणूस उठत नव्हता. मी फोन हातात घेतला. समोर बदकं होती, पहिल्या ओळीपासून, मीच लिहिलेली.

मी वाचायला लागलो. डोळे बदकांवर, आणि तोंडानं म्हणालो, "निंबर्ग्याचा माझा मित्र आज गेला. तो भाजीची पाटी घेऊन पहिल्या गाडीनं यायचा. माझ्या खोलीत स्टुलावर बसायचा. तुरीच्या दिवसांत उकडलेल्या शेंगा आणायचा. मी जे सांगेन ते ऐकून घ्यायचा, आणि मला सुचणार नाही असा प्रश्न विचारायचा."

एवढं झालं आणि मी अडकलो. पुढचं शोधायला लागलो. त्याला खायला काय आवडायचं? भाऊ-बहिणी किती? चौथीत शाळा का सुटली? तरुणपणी काय व्हावंसं वाटत होतं? समुद्र त्यानं कधी बघितला होता का? गुडघे कधीपासून दुखत होते? तीस वर्षांच्या वर ओळख, आणि यातलं मला एकही माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. पडद्यावर माझी अक्षरं खाली खाली चालली होती, अजून कितीतरी होती, आणि माझ्याजवळ त्याच्याबद्दल सांगण्यासारखं संपलं होतं.

वहिनी थांबल्या होत्या. थोरला मुलगाही मान वर करून थांबला होता. मी फोन परत रुमालावर ठेवला.

"येवढंच हाय व्हय?" वहिनी म्हणाल्या. "बगायला लई मोठं दिसायलतं."